पायरीवर झटकलेली डांगरी

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि त्यातली सव्वीस तिनं सवतीबरोबर काढली होती.

सवत सहा चाकांची होती, रंगानं शेवाळी, आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नांदत होती. जुन्या लढाईतला लष्करी ट्रक. भंगाराच्या आवारातून दोरखंड लावून ओढत आणला तेव्हा त्याला ना इंजिन होतं ना दारं. लेक नुकती पावलं टाकायला लागली होती. "हिला शाळेत घालायच्या आत गाडी रस्त्यावर आणतो," नवरा म्हणाला होता. लेक शाळेतून, कॉलेजातून बाहेर पडली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, पण गाडीनं काही शेड सोडली नाही.

"काय वहिनी, मोठ्या बाई काय म्हणतात?" शेजारीण कुंपणापलीकडून विचारायची.

"आज रविवार. त्यांचं तेलपाणी चाललंय. मला अजून चहा नाही मिळालेला."

नवरा आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अंगात पांढरा कोट, नखात कण नाही. रविवारी तोच माणूस निळी डांगरी चढवून शेडमध्ये शिरायचा आणि ब्रेकचे लायनर घासायचा. ब्रेकच्या लोखंडी शूवर जे जाड अस्तर चिकटवतात त्याला लायनर म्हणतात, हे तिला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. आता ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. चाकाच्या ड्रमच्या गोलाईला तो तंतोतंत बसेपर्यंत घासायचा असतो, आणि काचेवर तयार झालेला हात असल्यामुळे हे काम त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे. जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं लांबून आपापले शू घेऊन यायची आणि बदल्यात सुटे भाग देऊन जायची. गिअरबॉक्स असाच आला, दारं अशीच आली, पुढचे दिवेसुद्धा. कुणी नव्या बनावटीचा लायनर आणला तर तो दोन बोटांनी बाजूला सारायचा.

"हा नको. अस्सल आणा, त्या काळातला. अ‍ॅस्बेस्टॉसचा. त्याची सर कशाला नाही."

संध्याकाळी तो शेडमधून बाहेर यायचा तेव्हा डांगरी पिठात लोळल्यासारखी झालेली असायची. तशीच भिजवली तर धुळीचा चिखल होतो आणि मोरी तुंबते. म्हणून ती आधी मागच्या पायरीवर उभी राहून डांगरी झटकायची. दोन्ही खांदे धरून, कठड्यावर आपटून, खिसे उलटे करून, शिवणीत ब्रश घालून. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पायरीवर तिरपं ऊन यायचं, त्यात ती धूळ चमकत खाली उतरायची. एवढीशी लेक खालच्या पायरीवर बसून ओंजळ धरायची. "आई, अजून चांदी पाड ना!"

आणि आई अजून एकदा जोरात झटकायची.

यंदा तिला दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग कणीक मळताना. छातीत पाणी झालं होतं. दोनदा सुई घालून काढलं, दोन्ही वेळा परत भरलं. मग आतल्या आवरणाचा तुकडा तपासायला पाठवला. इस्पितळातली डॉक्टरीण लेकीच्या वयाची होती. फॉर्मवर "गृहिणी" लिहून तिनं विचारलं, "पूर्वी कधी कारखान्यात, खाणीत, धुळीच्या कामात होता का?"

"छे. घरीच असते मी."

"घरात दुसरं कुणी?"

"मी चष्म्याच्या काचा घासतो," नवरा म्हणाला.

तिला तेव्हाच खटकलं होतं. हा माणूस कुणाच्या मयतीला गेला तरी दहा मिनिटांत गाडीवर घसरायचा. भर पंगतीत त्यानं कार्बोरेटर समजावून सांगितलेला होता. आणि डॉक्टरणीनं आपणहून काम विचारलं, तर गाडीचं नाव नाही.

अहवाल आला त्या दिवशी ती रक्त द्यायला खाली गेली होती. वर त्याला एकट्यालाच सगळं सांगितलं गेलं. घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "कॅन्सर आहे. फुप्फुसाच्या आवरणाचा. औषधं सुरू करतील." किती दिवस उरलेत, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरूनच कळत होतं.

त्यानंतरच्या रविवारी मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला म्हणून ती भिंतीला धरत उठली. नवरा उकिडवा बसून डांगरी धूत होता. एकोणतीस वर्षांत त्यानं स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. डांगरी कोरडी झटकलेली नव्हती. शेडच्या दारातच बादलीत बुडवून, ओलीच आत आणलेली दिसत होती. आणि तोंडाला मास्क होता.

तो मास्क तिच्या ओळखीचा होता. लेक दुसरीत होती तेव्हापासून शेडमधल्या खिळ्याला लटकत आलेला, एक फाटला की दुसरा. "वास सहन होत नाही," तो तेव्हा म्हणाला होता. "आता सवतीचाही वास येतो का?" म्हणून ती हसली होती.

"अहो," ती दारातूनच म्हणाली, "मोरी तुंबेल."

तो बाही चोळत राहिला.

"कशानं झालंय मला?"

नळ वाहत होता. तिनं वाकून तो बंद केला. वाकल्यावर श्वास परत यायला वेळ लागला.

"लायनरच्या धुळीनं," तो म्हणाला. "आत जाऊन बसते. वीस-पंचवीस वर्षांनी उठते."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"एक जण शू घेऊन आला होता, तो बोलला होता. म्हणून मास्क आणला. मला वाटलं, घासतानाच काय ती भीती. कपड्यावर बसलेली म्हणजे... नुसती धूळ."

"नुसती धूळ," ती म्हणाली. "मग मला एक मास्क आणायला काय झालं होतं?"

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, पाय ओले, साठीकडे झुकलेला माणूस, आणि आतापर्यंत मनात घोळवलेलं एकदम बोलून गेला. "पोरीला हे सांगू नकोस. आजार सांगू. कशानं झाला ते नको. तोंड बघणार नाही ती माझं."

ती पलंगापर्यंत आली आणि बसली. खरं तर कबूल करून टाकावं असं तिला वाटलं. आपण गेल्यावर याला पोरीशिवाय आहे कोण? चहा करता येत नाही, डाळ कुठल्या डब्यात हे माहीत नाही. दोघांमध्ये गुपित राहिलं तर राहिलं. संसारात काय थोडी झाकली? ती "बरं" म्हणणारच होती.

मागचं दार उघडंच होतं. पायरीवर तिरपं ऊन आलं होतं.

"फोन लावा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तिला."

"अगं, मी काय म्हणालो—"

"खालच्या पायरीवर बसायची ती. ओंजळ धरून." तिचा आवाज चढला आणि खोकल्यात बुडाला. खोकला संपेपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला. ओल्या हाताचा गार पंजा तिच्या ब्लाऊजवर उमटला. "मी झटकायची आणि ती तोंड वर करून बसायची. तुमच्या मास्कआधीही आणि नंतरही. तिला तपासायला हवं. दरवर्षी हवं. डॉक्टरणीनं विचारलं तेव्हा तुम्ही काचा म्हणालात. तिला विचारतील तेव्हा तिनं काय सांगायचं?"

"तूच सांग. मला नाही जमणार."

"मला दम पुरत नाही," ती म्हणाली. हे खरंही होतं.

त्यानं मास्क हनुवटीवर ओढला. फोन लावला, स्पीकर चालू करून दोघांच्या मध्ये चादरीवर ठेवला. तीन वेळा वाजला.

"बाबा?" लेकीचा आवाज लगेच घाबरला, बाबांनी आपणहून कधीच फोन केलेला नव्हता. "आईला काही झालं का?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती, पायरीकडे.

"आई आहे इथंच," तो म्हणाला. "तू बस जरा. बसलीस का? मला सांग, लहानपणी आई माझी डांगरी झटकायची, ते आठवतं तुला?"

"हो!" लेक हसली. "चांदी."