नाला भरायच्या आधी

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि छापून यावं असं आमच्याकडे काही घडतं असंही मला कधी वाटलं नव्हतं. चुका असतील, सांभाळून घ्यावं. त्या उन्हाळ्यातली एक सभा अजून विसरता येत नाही, एवढ्यासाठीच लिहितो.

आमचं गाव वैनगंगेला मिळणाऱ्या एका नाल्यापलीकडे, जंगलात आहे. पावसाळ्यात नाला भरला की रस्ता बंद. बाळंतपणाची वेळ आलेल्या बाईला खाटेवर घालून काठापर्यंत न्यायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. आदल्या वर्षी अशी वाट बघता बघता एकीचं बाळ गेलं. गावचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई तिचा हात धरून तिथेच बसून होत्या. आता माझ्या वहिनीचे दिवस पोळ्याच्या सुमारास भरणार होते. ऐन पुरात.

गावाची मागणी एकच होती: पावसाळाभर नर्स गावातच मुक्कामी असावी. उन्हाळ्यात तालुक्याला आरोग्याची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची सभा, ठरली. प्रत्येक गावाला बोलायला तीन मिनिटं. आशाताई मला म्हणाल्या, "मी बोलली तर म्हणतीन, आपल्याच खात्याची तक्रार करून राह्यली. तू बोल, बाबू. वरोऱ्याले भाषणात बक्षीस आणलं ना तू?"

बक्षीस उत्तेजनार्थ होतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

दिवस तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायचे होते. बाया आमच्या ओसरीत पुडे बांधत बसायच्या. आशाताईंनी मला त्यांच्यापुढे उभं केलं. "यांचे हात कामात हायेत, कान रिकामे हायेत. बोल."

मी सुरुवात केली, "आजच्या एकविसाव्या शतकात..." पुडे भराभर बांधले जात होते.

"काऊन रे, हे किती वेळ चालन?" एकीने विचारलं. "पाने वाळून जातीन आमची!"

सगळ्या हसल्या. भाषणात मी अडखळत खाटेवरच्या बाईपर्यंत आलो. सगळ्यांचे हात थांबले होते. वहिनीही पुडे बांधत होती. ती खाली बघत राहिली.

"हे ठेव," आशाताई म्हणाल्या. "जिथी हात चालू राह्यले, ते सारं काढून टाक."

मग रोज तेच. मी बोलायचो, आशाताई बायांच्या हातांकडे बघायच्या. भाषण झिजत झिजत चार-पाच वाक्यांवर आलं. त्यात मान्यवरांची नावं नव्हती. ती ऐन वेळी सुरुवातीला घेऊ, असं आमचं ठरलं.

सुनवाईच्या मंडपात मंचावर दोन ओळी भरून माणसं होती. मधोमध पंचायत समितीचे सभापती. पहिल्या गावचा माणूस उठला. "आजच्या सभेचे अध्यक्ष, माननीय... सन्माननीय... आदरणीय..." मागच्या ओळीपर्यंत पोचला आणि घंटा वाजली. "माझी मागणी अशी की," एवढं म्हणेपर्यंत माईक पुढच्या गावाकडे गेला होता. त्यांचंही तसंच झालं. आमच्याकडे मंचावरच्या माणसाचं नाव राहिलं तर तो अपमान असतो, आणि तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवला जातो.

"नावं घेजो," आशाताई कानाशी पुटपुटल्या. "सभापती चिडले तर नर्स कुठची येते?"

नावं घेतली तर खाटेचं सांगायचं राहून जाईल. नाही घेतली तर, त्या म्हणतात तसंच होईल. माईक हातात आला तरी माझं ठरलं नव्हतं. सभापती मोबाईलवर अंगठा फिरवत होते. मला एकदम ओसरी आठवली.

"सर्वांना जयभीम, नमस्कार," मी म्हणालो. "नाला भरला की आमच्या गावात बाळंतपणाची बाई खाटेवर काठाशी ठेवतात."

अंगठा थांबला.

पुढचं मी कसं बोललो ते नीट आठवत नाही. घंटा मात्र माझं बोलून झाल्यावर वाजली. मंचावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "नर्स राहणार कुठे?" मी उत्तर द्यायच्या आत मागून आमच्या बायांचा आवाज आला, "अंगणवाडीजवळची खोली सारवून ठेवली, साहेब!"

सभापतींनी माईक ओढला. "कोन्या गावचा तू? कॉलेजात सभेची रीत नाई शिकवत काय?" मंडप हसला. "बस. पाहू."

परतताना जीपमध्ये गावच्या एका भाऊंनी ऐकवलं, "लय शहाणा झाला. एक नाव घेतलं असतं तर जीभ झिजली असती काय? आता बस 'पाहू' घेऊन." घरी वहिनीने पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "काय म्हनलं त्याईनं?"

मी म्हणालो, "पाहू म्हणाले."

कॉलेज सुरू झालं, मी चंद्रपूरला वसतिगृहावर आलो. पाऊस लागला तसा गावचा फोन बंद झाला. पेपरात पुराच्या बातम्या होत्या, आमच्या गावाचं नाव कुठेच नव्हतं. घरी जावं तर नाल्यापुढे वाट नाही. पोळा झाला. मी वर्गात बसायचो, आणि "पाहू" हा शब्द डोक्यातून जात नव्हता.

एका दुपारी फोन वाजला. बाबा रेंजसाठी टेकडीवर चढले होते, धापा टाकत होते.

"पोरगी झाली तुज्या वहिनीले. दोघी बऱ्या हायेत." मग आवाज तुटला, परत आला. "नाला अजून भरूनच हाय रे. नर्सबाई इथीच होती."