उदोचा ठेका

देवीवर रुसून मी तिच्याच दारी गेले, ती ही गोष्ट.

नाशिकच्या रुग्णालयात माझं अर्धं आयुष्य कॅज्युअल्टीत गेलं. दारावर आदळणारं स्ट्रेचर, नातेवाइकांचा आकांत, तेच माझं देवघर होतं. मग मणक्याने दगा दिला आणि मेट्रनबाईंनी मला नव्या सिस्टरांना शिकवायला बसवलं. लोक अभिनंदन करत होते, मला मात्र जिवंतपणी भिंतीवर टांगल्यासारखं वाटत होतं. ज्या हातांनी माणसं उठवली, त्या हातांपुढे आता सरावाचा रबरी पुतळा!

वर्गातही माझा पारा चढलेला असायचा. थांबलेलं हृदय चालू करायला छाती कशी दाबायची, ते पुतळ्यावर करताना मुलींचा वेग सारखा चुकायचा. एकदा वैतागून मी ओरडले, "आरतीला टाळ्या बरोबर वाजवता ना? मग म्हणा 'उदो, उदो', आणि प्रत्येक उदोला एक दाब द्या!" मुली खुदुखुदु हसल्या, पण वेग जमला. मी ते विसरूनही गेले.

पुढे सुट्टी मिळाली तशी थोरल्या भावाला, दादाला, घेऊन सप्तशृंगीच्या गडावर गेले. त्याचे गुडघे दुखत होते, म्हणून तो पायऱ्यांखाली चपला सांभाळत बसला. वर आईपुढे मी धड नमस्कारही केला नाही, सरळ भांडले. म्हटलं, "तुला अठरा हात. माझे दोनच होते, तेही रिकामे केलेस? मला माझी कॅज्युअल्टी परत दे."

खाली उतरले तर गर्दीचं कोंडाळं. मध्ये दादा निपचित, ओठ निळे पडलेले. इतक्या परक्या माणसांना सावरलेली मी, पण माझ्याच भावापाशी माझे पाय थिजले. त्याच्या छातीवर मात्र आधीच कुणाचे तरी हात होते. एक अनोळखी तरुणी पदर खोचून, कोपरं ताठ ठेवून दाबत होती आणि घामाघूम होऊन पुटपुटत होती, "उदो... उदो... उदो..."

माझ्या अंगावर काटा आला. मणका विसरून मी गुडघे टेकले. ती दमली की मी, मी दमले की ती. ॲम्ब्युलन्स येण्याआधीच दादाने श्वास घेतला.

"कुठे शिकलीस गं हे?" मी विचारलं. ती सटाण्याकडची, कांद्याच्या खळ्यावर काम करणारी. अहिराणीत म्हणाली, "मनी मैत्रीण नर्स शे, तिनी शिकाडं, ताई. नाशिकनी तिनी मॅडम भलती कडक शे म्हने!"

मी तिला मिठी मारून रडले. तिची ती नर्स मैत्रीण माझ्याच वर्गात शिकलेली, आणि ती कडक मॅडम म्हणजे मीच!

दादा आता माझ्या चहाला नावं ठेवण्याइतका बरा आहे. मी वर माझे हात परत मागत होते, तेव्हा खाली आईने ते कामाला लावलेही होते. तिला माझं गाऱ्हाणं ऐकू आलं की नाही, मला ठाऊक नाही. पण सुट्टी संपल्यावर वर्गात पुतळा मांडताना मी आधी त्याच्यापुढेच हात जोडले. मुली पुन्हा हसल्या. म्हटलं, "हसा, पण मोठ्याने म्हणा. कुठवर ऐकू जाईल, सांगता येत नाही."