घोडीवर चढवलेली गाडी

ती चार चाकं मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून आणि दरोडे पुष्कळ पाहिले, त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागलेत. पण निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना प्रभादेवीच्या एका गॅरेजमधून गेलेली चाकं जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहेत. त्या माणसांची नावं लिहिणार नाही. काका आणि काकू एवढं पुरे, मीही त्यांना तेच म्हणत असे.

गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात कुणाला मान वर करायची फुरसत नसते. मंडपांच्या परवानग्या, मंडळांच्या बैठका, बंदोबस्ताची आखणी. अशा गर्दीत सत्तरीच्या एक बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गाडीची चारही चाकं चोरीला गेलीत. लिहून घ्या." त्या गिरगावात बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. परत येऊन गॅरेज उघडलं तर गाडी बिनचाकांची. त्यांचे यजमान दारातच उभे राहून "राहू दे गं, सणाचे दिवस, साहेबांना कशाला त्रास," असं पुटपुटत होते. काकू त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. दरवर्षी दोघं त्याच गाडीने गावच्या गणपतीला जात आणि सगळा रस्ता काका स्वतः चालवत. त्या वर्षी निघायला आठवडाही उरला नव्हता.

स्टेशन डायरीत नोंद करून मी हवालदाराला घेऊन जागा पाहायला गेलो. जुनी इमारत, मागच्या अंगाला गॅरेजची रांग. काका एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणी बंद पडली तरी हातातली कला गेली नव्हती. गाडीचं सगळं काम ते घरीच करत. भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले. मधोमध गाडी, चार लोखंडी स्टँडवर. मेकॅनिक लोक याला घोडी म्हणतात. प्रत्येक घोडीच्या डोक्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवलेला, गाडीला ओरखडा उठू नये म्हणून.

चाकं चोरणारे मी बरेच पकडलेत. ते गाडी पेव्हर ब्लॉकवर टेकवतात, नाहीतर सरळ आपटतात आणि पळतात. ट्यूबचा तुकडा लावणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला. कुलूपही तुटलेलं नव्हतं. किल्ल्या दोन. एक काकांकडे आणि दुसरी भोईवाड्यात राहणाऱ्या, इमारतीतल्या गाड्या पुसणाऱ्या माणसाकडे.

दुसऱ्याच दिवशी दादरहून खबर आली. आमचा एक खबरी टायरच्या दुकानांत ऊठबस करायचा. तो म्हणाला, "साहेब, तो पुसणारा चार टायरचा भाव काढून गेला." किल्ली आणि भाव, एवढ्यावर कुणीही त्याला उचललं असतं. आम्हीही आणला. बाकड्यावर बसल्या बसल्या तो सांगू लागला.

"भाव काकांनीच काढायला सांगितला साहेब. गावाला जायचंय, टायर नवीन टाकूया बोलले."

"आणि किल्ली?"

"किल्ली पाच-सहा वर्षं माझ्याकडंच आहे. चोरायचं असतं तर एवढे दिवस कशाला थांबलो असतो?"

त्याचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं, पण वाटण्यावर तपास चालत नाही. मी त्याला आवारात नेलं, आमच्या जीपचा जॅक हातात दिला आणि म्हटलं, पुढचं चाक काढून दाखव. त्याने हँडब्रेक पाहिला नाही, मागच्या चाकाला दगड लावला नाही. जॅक थेट पत्र्याखाली घातला आणि फिरवायला लागला. पत्रा कुरकुरला तसा आमचा ड्रायव्हर धावत आला. नट तर त्याने सैलच केले नव्हते, त्यामुळे चाक हवेत गेल्यावर पान्याबरोबर तेच गरगर फिरू लागलं. या माणसाने जन्मात चाक काढलेलं नव्हतं. पण किल्ली त्याने दुसऱ्या कुणाला दिली असेल, ही शंका उरली, म्हणून त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं.

तोवर इमारतीत त्याचं नाव झालं होतं. दोन घरांनी दुसरा माणूस बघायला सुरुवात केली, वॉचमन म्हणू लागला, आता त्याला फाटकातून आत घेणार नाही. त्याच्या घरी तीन खाणारी तोंडं होती. इकडे काका मात्र सारखा फोन करून सांगत होते, "त्याला सोडा, तो तसा नाही. टायरचा भाव मीच विचारायला सांगितला." ज्याच्या घरी चोरी होते तो आधी अख्ख्या जगावर संशय घेतो, हा माझा अनुभव. इथे ज्याचं गेलं त्याचा कुणावरच संशय नव्हता. पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी साध्या कपड्यांत काकांच्या गॅरेजमध्ये गेलो. चौकशीचा एक शब्द काढला नाही. म्हटलं, "काका, मला जरा शिकवा. घरच्या घरी गाडी उचलायची कशी?"

काकांचा चेहरा एकदम उजळला. शिकवायला माणूस मिळाला की जुना फिटर सगळं विसरतो. "आधी जमीन सपाट पाहिजे," ते म्हणाले. "गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जे चाक उचलायचं नाही त्याला लाकडाची पाचर. नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे. गाडीबरोबर मिळतो तो जॅक रस्त्यात पंक्चर झालं तर, घरात हा चाकांचा ट्रॉली जॅक. आणि लावायचा तो चासीच्या जाड भागाला, पत्र्याला नाय."

"मग गाडीखाली शिरायचं?"

"चुकूनही नाय. जॅकचं काम उचलायचं, धरायचं काम घोडीचं. घोडीवर टेकवली की हाताने गाडी हलवून बघायची. ती हलली नाही तरच खाली जायचं. आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सारायचं. उद्या घोडी सरकली तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाय."

"घोड्या नव्हत्या तेव्हा?"

"तेव्हा खड्डा होता ना, गाडी वर आणि आपण खाली..." एवढं बोलून ते थांबले. मग घाईने म्हणाले, "बुजवला तो. गुडघे दुखतात."

मी गाडीच्या पोटाखाली पाहिलं. गोणपाट पसरलेलं, त्यावर तेलाचे रिकामे डबे. आमच्या हवालदाराने ती अडगळ समजून सोडली होती. मी डबे बाजूला केले, गोणपाट ओढलं आणि खालच्या फळ्यांवर टाच आपटली. आवाज पोकळ आला. एक फळी उचलली तर चारही चाकं खड्ड्यात नीट रचून ठेवलेली, वर प्लास्टिक झाकलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो आम्ही घातला होता.

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "टायरचा भाव काढायला सांगितला आणि त्यानंतर डोळ्यांचा डॉक्टर बोलला, डावीकडची नजर गेली. गाडी बंद. हिला कसं सांगू? लग्नापासून मीच नेतोय गावाला. म्हटलं, चाकंच नसली तर जायचा प्रश्नच नाही. ही पोलिसांत जाईल हे डोक्यातच आलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिला सांगू नका साहेब."

मला त्यांची फार कणव आली. तरी म्हटलं, "काका, तिकडे एक गरीब माणूस चोर म्हणून बसलाय. त्याला मी सोडीन, पण त्याचं नाव मला परत देता येणार नाही. ते तुम्हालाच द्यावं लागेल."

काका उठले, जिन्याच्या कठड्याला धरून वर गेले. मी मागोमाग. काकू मोदकांसाठी तांदूळ निवडत होत्या. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकूंचा हात ताटातच राहिला.

"माका ठावक होता," त्या घरच्या मालवणीत म्हणाल्या. "ताटातली डावी बाजू तशीच उरायची. लोणच्याशिवाय न जेवणारो माणूस. मग मी लोणचा उजव्या बाजूक वाढूक लागलंय."

"माका वाटला तू इसरतंस," काका म्हणाले.

"आणि गाडीत मी डावीकडे बसान सांगी, रिक्षा इली, बाई इली. तुम्ही म्हणायचात, गप बस. चाकां तुम्ही काढलात ह्या मात्र माका कळला नाय, नायतर मी कशाक जातंय चौकीक?"

काकांनी डोळे पुसले. मग गॅलरीतून न सांगता खाली आवारात गेले आणि संध्याकाळी जमलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना मोठ्याने सांगितलं की आता आपल्याला नीट दिसत नाही, चाकं आपणच काढून लपवली, आणि पुसणाऱ्याचा यात काडीचा संबंध नाही. पुसणाऱ्याला मी तोवर ठाण्यातून बोलावून घेतलं होतं. काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. तो बिचारा "काका, राहू द्या ना" एवढंच म्हणत राहिला.

माल मिळाला, तक्रार नाही, अशी नोंद करून मी प्रकरण मिटवलं. त्या वर्षी दोघं एसटीने गावाला गेले.

गुन्हा कबूल करणारे मी शेकड्यांनी पाहिले. बहुतेकांना बोलल्यावर हलकं वाटतं. पण आता आपल्याला जमत नाही, हे कबूल करताना त्या माणसाचे ओठ जसे थरथरले तसे मी कुठल्याही आरोपीचे पाहिले नाहीत. माणूस पाप लपवतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. माणूस आपलं म्हातारपणही तितक्याच शिताफीने लपवतो, आणि त्याच्या घरातलं माणूस ते जाणून असूनही न बोलता लोणचं उजवीकडे वाढतं, हे मला त्या गॅरेजने शिकवलं.

आता मीही निवृत्त आहे. गाडी चालवताना शेजारी बसलेली बायको काही बोलली की पूर्वी मी तिच्यावर खेकसायचो. आता आधी ब्रेक मारतो.