जावयाची झोप मोडणारं घड्याळ

माझ्या साळ्याने मी झोपेत असताना माझ्या हक्काचा चिंचेचा सौदा पळवला. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितली नाही. आता सांगतो, कारण मला अजून राग आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी कळंबचा. सायकलवर पोतं बांधून गावोगाव चिंच गोळा करायचो, आज दारात दोन टेम्पो आहेत. झाडाखाली उभं राहून माल किती निघेल ते सांगण्यात मला हरवणारे फार नाहीत. झरी जामणीकडे कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, एक आजोबा आहेत. त्यांच्या तेरा झाडांची चिंच लांब बोटांची, लालसर गराची. ती विकण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. होळीच्या आधीच्या सोमवारी ते पहाटे अंगणात चूल पेटवतात आणि जो पहिला येऊन त्यांच्यासोबत कोरा चहा पितो, त्याच्याशीच बोलतात. एकदा शब्द दिला की दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

माझी सासुरवाडी त्या पोडापासून दोन कोसांवर. म्हणून मागच्या होळीला मी रविवारीच तिथे मुक्कामाला गेलो. मोबाईलवर साडेचारचा गजर लावला आणि वर साळ्यालाही सांगितलं, "मले उठवजो रे. आजोबाच्या चिंचा घ्याच्या हायेत."

"बिनघोर झोपा भाऊजी," तो म्हणाला.

तोही किरकोळ चिंच घेतो, हे मला ठाऊक होतं. बायकोचा भाऊ म्हणून तोंड उघडलं, ही चूक माझी.

जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं. उशाशी फोन नव्हता. तो मधल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. सासूबाई म्हणाल्या, "वाजून राह्यला होता, म्याच बंद केला. जवायाले कोनी झोपेतून उठवते काय? पाप लागते बापा." आमच्याकडच्या जुन्या बायका हे खरंच पाळतात, त्यांना मी दोष देत नाही. पण माझा फोन उशापासून मधल्या खोलीपर्यंत स्वतःच्या पायाने चालत गेला नव्हता.

दहा वाजता साळा पोडावरून परत आला.

"काहून उठवलं नाही मले?"

"तुमी असे घोरून राह्यले होते भाऊजी, दया आली मले. मंग म्याच बोललो आजोबाशी. झाडं घरातल्या घरातच राह्यले ना!"

पुढे बोरी अरबच्या व्यापाऱ्याने भर बाजारात मला विचारलं, "शेठ, यंदा तुमचा लाल माल साळ्याकडून घेतला. चालते ना?" मी हसलो. म्हटलं, चालते.

यंदा जानेवारीतच यवतमाळला घड्याळाच्या दुकानात गेलो. म्हटलं, गजराचं लहान घड्याळ दाखवा, पिशवीत मावणारं.

"मोबाईल असताना घड्याळ कायले भाऊ?" दुकानदाराने विचारलं.

"मोबाईल दुसऱ्याच्या हातात जाते. घड्याळ माह्या उशीत राहीन."

त्याने पहिलं काढलं त्याला चार बटणं होती आणि प्रत्येक बटणाची तीन-तीन कामं. अर्धवट झोपेत गजराऐवजी तारीखच बदलायची. दुसरं पाखरासारखं किलबिलायचं; त्याने माणूस उठत नाही, कूस बदलतो. तिसरं दिसायला देखणं, झाकण मिटणारं. मी गजर लावून झाकण मिटलं, उघडलं, तर गजराची कळ झाकणाने दाबली जाऊन बंद झालेली. "हे तर माह्या साळ्यानंच बनवलं दिसते," मी म्हणालो. दुकानदाराला काही कळलं नाही, तरी तो हसला.

चौथं तळहाताएवढं, काट्यांचं, एका पेन्सिल सेलवर चालणारं. वर एकच मोठं बटण, अंधारात चाचपून सापडणारं. मागची कळ घट्ट, पिशवीत घासून सरकणार नाही अशी. पाच मिनिटांचा गजर लावून ते दुकानातल्या टॉवेलांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिलो. वाजलं. पुन्हा लावलं, पुन्हा वाजलं. तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, "शेठ, माह्या दुकानात गिऱ्हाईक येऊ द्या ना!" मग मी किंमत पाडायला घेतली. त्याच्या गळ्याशी येईपर्यंत ताणलं, वर दोन सेल फुकट घेतले.

होळीच्या आधीच्या रविवारी मुक्कामाला मुद्दाम सासुरवाडीलाच गेलो. दुसरीकडे सोय झाली असती, पण मला त्याच अंथरुणावरून उठून जायचं होतं. फोन मीच साळ्याच्या हातात दिला, "हे घे, लाव चार्जिंगले." घड्याळ उशीच्या खोळीत, कानाखाली. साडेचारला वाजलं, दुसऱ्यांदा वाजायच्या आत बटण दाबलं. मोटारसायकल फाट्यापर्यंत ढकलत नेली आणि मगच चालू केली.

पोडावर चूल पेटायची होती. मीच काटक्या लावल्या. आजोबांनी मला निरखून पाहिलं.

"तुह्या साळ्यानं मागच्या साली सांगतलं, तू धंदा सोडला म्हणून."

खरं सांगतो, तोवर मला चार झाडं साळ्याला द्यायची होती. बायकोला तसा शब्दही दिला होता. ते वाक्य ऐकलं आणि तेराही झाडांचा सौदा मीच पक्का केला.

उजाडल्यावर साळा धावत आला. माझ्या हातातला कप पाहून उभाच राहिला.

"भाऊजी, अर्धे तरी द्या. व्यापाऱ्याले शब्द देऊन बसलो मी."

"मंग त्याले सांग, तू धंदा सोडला म्हणून."

तो आजोबांकडे वळला. आजोबा चुलीतली राख सारखी करत राहिले.

बायको आठ दिवस बोलली नाही. सासूबाई रडल्या असं कळलं, त्याचं वाईट वाटलं. तरी चिंच झोडायला मी साळ्याच्याच गावचे मजूर लावले आणि भरलेला टेम्पो त्याच्या दारावरून नेला. तो रस्ता लांबचा आहे, डिझेल जास्त गेलं. दुसरी फेरीही तिकडूनच नेली, आणि त्याच्या दारासमोर आल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, सावकाश चालव.