पेण्णम्मा टीचरना साडेपाच

केरळातल्या अंगमालीत, आमच्या क्लासात पेण्णम्मा टीचर तेवीस वर्षं नर्सपोरींना इंग्रजीतले वाक्प्रचार आणि म्हणी शिकवत होत्या. परदेशातल्या इस्पितळात नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते, आणि टीचरचा हुकूम एकच, बोलताना दर उत्तरात चार वाक्प्रचार आलेच पाहिजेत. पोरी बसमध्ये, जेवताना, चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा पुटपुटत बसायच्या. मी बाहेरच्या टेबलावर फोन आणि फॉर्म बघते.

जूनमध्ये लिंटा बोलण्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा आपटली. नऊपैकी लागतात सात, तिला सहा. आयर्लंडच्या इस्पितळानं तिची जागा ऑगस्टअखेरपर्यंतच धरून ठेवलेली, म्हणजे उरली एकच संधी. एरवी ही पोरगी तोंडातून ब्र काढत नाही. त्या दिवशी भर वर्गात उभी राहून म्हणाली, "टीचर, मला तुमच्या वाक्प्रचारांनीच पाडलं. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. मार्क कापतात."

मी दारातूनच तिला झापलं. "फार शहाणी झालीस का गं? मीही नर्सच होते. इथंच शिकून दोनदा नापास झाले. टीचरना कधी बोल लावला? आपलंच डोकं चालत नाही म्हणून गुपचूप या टेबलाशी बसले."

"चेची, तुम्हाला तरी कुणी सांगितलं डोकं चालत नाही म्हणून?" लिंटा म्हणाली. चेची म्हणजे आमच्याकडे ताई.

टीचरचा चेहरा लालबुंद झाला होता. "ग्रेसी, माझा फॉर्म भर," त्या मला म्हणाल्या. "या वयात आठ आणून दाखवते हिला."

जुलैत निकाल मीच उघडला. बोलण्यात साडेपाच. नाव तपासलं, जन्मतारीख तपासली, पुन्हा उघडून पाहिलं. तेच.

"टीचर, काहीतरी घोळ झालाय."

"घोळ नाही." त्या मटकन खुर्चीत बसल्या. "विसरता न येणारा दिवस सांगा म्हणाली ती परीक्षक बाई. आमचे हे गेले, तो दिवस मी सांगितला. सगळा वाक्प्रचारांत. ती म्हणाली, ते ठीक, पण तुम्ही नेमकं काय करत होता? मी ह्यांना चमच्यानं पाणी पाजत होते, ग्रेसी. एवढं साधं वाक्य मला जुळवता येईना."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी स्वतःचे मार्क सांगितले. मग सगळ्यांच्या वाक्प्रचारांच्या वह्या त्यांनी कपाटात टाकल्या आणि लिंटाला पुढ्यात बसवलं. "आज वॉर्डात काय काय केलंस? साधं सांग. चुकलीस तरी चालेल." महिनाअखेरपर्यंत रोज तेच. चौथ्या खेपेला लिंटाला साडेसात मिळाले आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती आयर्लंडला गेली.

ती निरोप घेऊन गेली त्या दुपारी टीचर माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "ग्रेसी, तुझं डोकं चांगलं होतं."

मला वाटलं, आता रडू फुटणार. रडू नाही, संताप आला. अठरा वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत दुसऱ्या पोरींचे फॉर्म भरत बसले होते.

"हे आत्ता सांगताय?" मी म्हणाले. "सत्तेचाळीस वर्षांची झाले मी."

त्या उभ्याच राहिल्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही.