न धुतलेल्या बिया

रायली होक्कानेन तुर्कू शहराजवळच्या फळसंशोधन केंद्रात पंचवीस वर्षं बिया दळत आली. सीबकथॉर्नच्या नारिंगी, आंबटढाण फळांचा रस दुसरे नेत, तिच्या वाट्याला बिया. बी दळायची, अर्क काढायचा, त्यात पिवळं द्रावण घालायचं आणि निळा रंग चढेपर्यंत थांबायचं. निळा जितका गडद, तितके बीतले गुणकारी घटक जास्त. आकडा यंत्र देई, पण रायलीच्या डोळ्यांना तो आधीच कळे.

बिया ती सात पाण्यांनी धुवायची. "अगं, सालं सोलशील त्यांची," मैत्रिणी चिडवायच्या. ती हसायची नाही. नळ सोडला की पाठीमागून केंद्राचे जुने प्रमुख तौनोसाहेब विचारायचे, "धुतल्यास ना बिया?" साहेबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

जिवंतपणी त्यांनी हे एकदाच विचारलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. शुक्रवार होता, रायलीला नाचाला जायची घाई. तिने गर चिकटलेल्या बियाच दळल्या आणि बेधडक "हो" म्हणाली. गरातल्या क जीवनसत्त्वानेही रंग चढतो. निळा असा गडद आला की साहेब खुर्चीतून उठलेच. त्या आकड्याने त्यांचं नाव झालं.

यंदा नव्या प्रमुखबाईंनी ती जुनी मोजणी पुन्हा करायला सांगितली. तीनदा केली, तिन्ही वेळा आकडा निम्मा. खरं लिहावं तर मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा, न लिहावं तर तो मानगुटीवरून उतरायचा नाही. रायलीला आता नळाचीच भीती वाटू लागली.

रविवारी ती साहेबांच्या बायकोकडे, केर्त्तूकडे गेली. कॉफी झाली, वेलची घातलेला गोड पाव झाला, मग तिने एका दमात सगळं ओकून टाकलं.

"ठाऊक होतं त्याला," केर्त्तू म्हणाली. "काही महिन्यांनी त्याने स्वतः बिया धुऊन मोजलं. पण त्या आकड्याचा लेख तोवर छापून आला होता."

"मग मला बोलले का नाहीत? हाकलून द्यायचं होतं."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, तिचं तिला येऊन सांगू दे, मग आपण चूक छापू." केर्त्तूने रिकामा कप बाजूला सारला. "वाट बघत राहिला गं. अठरा वर्षं."