भोक पडलेला तेरडा

माझा राग भुंग्यावर कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आरोपी ठरला तो भुंगाच, आणि त्याच्या बाजूने बोलणारी मी एकटी.

बदलापूरच्या शिरगावात आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी भातशेती होती. आता मागची कंपाउंडची भिंत आणि नाला यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी उरली आहे. बिल्डरला तिथे काही बांधता आलं नाही म्हणून उरली. कुणाला झाडांची दया वगैरे आली नव्हती. पावसाळ्यात त्या पट्टीत तेरडा उगवतो. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. गुलाबी फुलं येतात, बोंडं धरतात, पिकली की फटकन फुटतात, बी मातीत पडतं आणि झाड मरतं. पुढच्या पावसाळ्यात जे काही उगवायचं ते त्याच बियांतून. बी नाही तर तेरडा नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?

आमच्याच मजल्यावर एक काकू राहतात. बिल्डिंगखालचं शेत त्यांच्या घरचं होतं, जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले. भाद्रपदात त्यांच्याकडे तेरड्याची गौर येते. मुखवटे नाहीत, मूर्ती नाही. तेरड्याची रोपं मुळांसकट उपटून आणायची, धुवायची, त्यांना साडी नेसवायची. मुळं म्हणजे गौरीची पावलं. मुळं तुटली तर गौर घरात आलीच नाही, असं काकू मानतात. पूर्वी बांधाबांधावर तेरडा होता, मूठ मूठ उपटला तरी कळायचं नाही. आता सगळ्या भावकीचे हात त्या एका पट्टीवर. तेरडा दरवर्षी विरळ होत गेला. मागच्या खेपेला काकूंनी बदलापूर स्टेशनजवळच्या बाजारातून जुडी आणली, कुजक्या मुळांची. 'इकतची गवर' म्हणताना त्यांचं तोंड असं झालं होतं, जणू लेकीला माहेरी भाड्याच्या माणसाने आणून सोडलंय.

सेक्रेटरीला ती पट्टी बाइक पार्किंगसाठी हवी होती. काकू गौरीसाठी आडव्या यायच्या आणि काकूंच्या विरोधात जायची त्याची हिंमत नव्हती. मग त्याला कुठलातरी व्हिडिओ सापडला.

श्रावणात एका रविवारी तो काकूंना पट्टीत घेऊन गेला. मी गॅलरीतून कपडे काढत होते, सगळं ऐकू येत होतं. त्याने एक फूल तोडून उलटं धरलं. तेरड्याच्या फुलामागे बारीक वाकडी शेपटी असते, मध तिच्यात असतो. त्या शेपटीला भोक होतं.

"हे बघा काकू. तो मोठा काळा भुंगा असतो ना, तो समोरून येतच नाय. मागून भोक पाडतो, मध पितो आणि कल्टी. पराग अंगाला लागत नाय, मग बी कसं धरणार? नेक्टर रॉबिंग म्हणतात याला. सायन्स आहे. चोर आहे साला, म्हणून तुमचा तेरडा संपतोय."

काकूंनी ते फूल डोळ्यांजवळ नेलं. भोक तर दिसतच होतं.

मीटिंगमध्ये पेस्ट कंट्रोलचा विषय आला तेव्हा मी उभी राहिले. "मागच्या वर्षी फुलं असताना गवत कापायचं मशीन कुणी फिरवलं होतं इथे? भुंग्याने?"

"ताई, तो मेंटेनन्स होता."

"भुंग्याने केलं की चोरी आणि तुम्ही केलं की मेंटेनन्स?"

"झालं, आंदोलन सुरू," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

मग काकू बोलल्या. "तू गप ऱ्हा गो बाय. तुमच्यात गवर नसते. तुला काय कलनार?"

आम्ही बौद्ध. आमच्याकडे गौर येत नाही, हे खरंच आहे. पण 'तुमच्यात' हा शब्द मी या बिल्डिंगमध्ये लिफ्टपासून गच्चीपर्यंत इतक्या वेळा ऐकलाय की तो आला की मला कानशिलात मारल्यासारखं होतं. सेक्रेटरी मान खाली घालून हसत होता. ठराव मंजूर झाला.

मला एकच गोष्ट नीट येते, पत्रक लिहिणं. कॉलेजात असल्यापासून पाण्यासाठी, रस्त्यासाठी, बंद पडलेल्या दवाखान्यासाठी पत्रकं लिहिली. उल्हासनगरच्या एका प्रेसमध्ये छापायचो. तिथले सिंधी काका मजकूर वाचून म्हणायचे, "बेटा, इतना गुस्सा एक पेज में नहीं बैठेगा, थोड़ा कम कर." कमी कधी केला नाही. याही वेळी घरी येऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चोर कोण?' आणि लिफ्टमध्ये चिकटवलं. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेनाने उत्तर लिहून ठेवलं होतं: 'भुंगा.'

ठीक आहे म्हटलं. भुंगा तर भुंगा. तपासू.

माझी नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, पॅकिंगला. सुट्टीच्या दिवशी आणि शिफ्टच्या आधी मी पट्टीत जाऊन उकिडवी बसायला लागले. सेक्रेटरी खोटं बोलत नव्हता, याचाच मला जास्त संताप आला. काळा भुंगा खरंच मागून यायचा. फुलावर धप्पकन बसायचा, शेपटी चिरायचा, मध ओढायचा आणि पुढे. त्याच भोकावर मग मुंग्या. पण सेक्रेटरीचा व्हिडिओ तिथेच संपत होता, पट्टीतली गोष्ट संपत नव्हती. थोड्या वेळाने निळसर पट्ट्यांच्या पोटाची एक मधमाशी यायची, समोरच्या दारातून आत घुसायची आणि पाठीला परागाची पांढरी भुकटी लावून बाहेर पडायची. भोक पडलेल्या फुलातही जायची. आत मध नाही म्हटल्यावर रेंगाळायची नाही, भुर्रकन दुसऱ्या झाडावर. म्हणजे या झाडाची भुकटी त्या झाडावर.

पण डोळ्यांनी बघितलेलं मीटिंगमध्ये चालत नाही. म्हणून चौदा एप्रिलच्या सजावटीतून उरलेली निळी लोकर काढली आणि भोक पडलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला एकेक तुकडा सैल बांधला. चोरी झालेल्या फुलाला बोंड धरतं की नाही, तेवढंच बघायचं होतं.

"राख्या बांधतेस काय झाडांना?" आई वरून ओरडली.

"भाऊ कमी पडले," मी म्हटलं.

बोंडं धरली. सगळ्यांना नाही, काही गळाली. पण न टोचलेलीही काही गळालीच होती. मी शास्त्रज्ञ नाही. जे थोडं वाचलं त्यावरून एवढं कळलं, की काही झाडांना या मधचोरीचा खरंच फटका बसतो, बी कमी धरतं. काहींना काहीच फरक पडत नाही, आणि कधीकधी तर फायदाही होतो. म्हणजे प्रत्येक झाडाचं वेगळं बघावं लागतं. बघण्याचे कष्ट कुणाला घ्यायचे नव्हते. चोर शब्द मिळाला होता, तो पुरेसा होता.

मी कामावर असताना फवारणी झाली. परत आले तर नाल्याच्या वासावर चढलेला तो दुसरा वास. पानांवर मुंग्या चिकटलेल्या. भुंगा मातीत उताणा, पाय आखडलेले. निळ्या पट्ट्यांची माशीही तिथेच. चोर आणि गिऱ्हाईक एकाच पंपाने उडवले.

मी सेक्रेटरीच्या दारावर हात आपटला. "नोटीस कुठे होती?"

"ग्रुपवर टाकली होती. तूच ग्रुप म्यूट केलायस, मॅडम."

त्यानंतर पट्टी इतकी सुंदर दिसायला लागली की बघून माझं डोकं फिरायचं. नवी फुलं येतच होती, टवटवीत, एकालाही भोक नाही. सेक्रेटरीने ग्रुपवर फोटो टाकला, 'मिशन सक्सेस.' खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग. आणि ती बिनभोकाची, शुद्ध, सुरक्षित फुलं दोनेक दिवस फुलून देठासकट गळून पडत होती.

गौरीच्या आदल्या दिवशी काकू रोपं बघायला खाली आल्या. मी तिथेच होते. त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी एक झाड वरून खालपर्यंत चाचपलं. मग दुसरं. त्यांचा हात थांबला.

"वरती फुलं एवढी फुलली, आन बोंडा खालीच कशी?"

मी गळलेली फुलं वेचत राहिले.

"आगो, तुला इचारतंय."

"वरची फुलं औषध मारल्यानंतरची, काकू. त्यांच्याकडे कुणी आलंच नाही."

"आन हा दोरा कसला?"

"ज्यांना भुंग्याने भोक पाडलं होतं ती फुलं. चोरी झालेली."

निळ्या लोकरीखाली हिरवं केसाळ बोंड लोंबत होतं. काकूंनी ते दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं. मला माहीत होतं त्या कशात अडकल्यात. गौर न्यायची तर मुळासकट, आणि मुळासकट नेली की बोंडं पिकायच्या आधीच झाड गेलं. पुढच्या भाद्रपदात परत बाजारातली जुडी. पावलं न्यायची की बी ठेवायचं? हे कोडं भुंग्याने घातलं नव्हतं. सगळे बांध बिल्डिंगखाली गेल्यावर ते आपोआप पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बाया ताटं, हळद-कुंकू घेऊन आल्या. काकू पुढे. एका जावेने भरघोस झाडाला हात घातला तशी काकू कडाडल्या, "दोरा हाय त्याला हात लावायचा नाय!"

"ह्यो कसला नवा नियम?"

"माझा."

मग त्यांनी नाल्याच्या कडेची, उशिरा उगवलेली, बोंड नसलेली किरकोळ रोपं एकेक करून सोडवली, मुळं न तोडता. गौर बारीक झाली त्या वर्षी. जाऊ कुरकुरली, "पोरगी उपाशी आनल्यागत दिसते."

गौरी गेल्यावर सेक्रेटरी हजर. "काकू, झालं ना तुमचं? आता पट्टी क्लिअर करून घेऊ? पेव्हर ब्लॉक मागवलेत."

काकू पट्टीतून येत होत्या. त्यांनी हातातलं पिकलं बोंड त्याच्या तळव्यावर ठेवलं. "धर, परसाद."

त्याने मूठ मिटली आणि बोंड फटकन फुटलं. तो दचकून मागे सरला, चप्पल निसटली. बिया सगळीकडे. वॉचमनसुद्धा हसला.

"एवढ्याला भ्यायलास? आन भुंग्याशी भांडाया निंघालावता," काकू म्हणाल्या. "सगली बोंडा फुटू दे. मंग बघू तुझा पार्किंग."

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. काकू बंद दाराकडे बघत म्हणाल्या, "तुझा तो कागद परत लाव. खाली माझा नाव टाक."

'तुमच्यात' हा शब्द त्यांनी मागे घेतला नाही. मी तो विसरलेही नाही आणि विसरणारही नाही. पण पत्रक त्याच संध्याकाळी लिहिलं. या वेळी मशीन, पंप आणि पार्किंग असं सगळं सरळ लिहिलं, भुंग्याच्या भोकासकट, आणि खाली दोन नावं. अजून कुणी पेनाने काही लिहिलेलं नाही. ब्लॉकचा ढीग गेटजवळ पडून आहे. मी रोज शिफ्टला निघताना आधी मागे जाऊन बघते, निळ्या लोकरीखालची किती बोंडं अजून फुटायची राहिलीत.